नमुन्याबरहुकूम चिलखत

"झालं. आता काढा," राधाकृष्ण म्हणाला.

श्रीमंत डबेवाला विडी शिलगावण्याच्या बेतात होता. हातातली काडी त्याने फुंकून विझवली. "काय काढू?"

"हे. चिलखत."

श्रीमंतने विडी कानावर ठेवली आणि राधाकृष्णाभोवती एक पूर्ण फेरी मारली. बगलेतला कथिलाचा डाग पाहिला, कमरेचा सांधा पाहिला, पोटरीवर टिचकी मारून आवाज ऐकला. सगळं काम मनासारखं झालं होतं. मग त्याने अगदी खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारलं, "काढायचं पन हाय व्हय हे?"

राधाकृष्णाला वाटलं, हा थट्टा करतोय. पण श्रीमंतला थट्टेची सवय नव्हती. त्याला सवय होती ती पत्रा गळू न देण्याची. कोपरगावच्या पेठेत गेली तीस वर्षं तो घासलेटचे डबे, नरसाळी, बादल्या आणि धान्याच्या कोठ्या बनवत होता. त्याच्या कोठीत मुंगी शिरत नाही आणि डब्यातून थेंब गळत नाही, असा पंचक्रोशीत लौकिक होता. त्या लौकिकाला जागून त्याने आज साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातला एक कारकून गळ्यापासून घोट्यापर्यंत डाग देऊन बंद केला होता.

हा कारकून सत्तावीस वर्षांचा होता, अंगाने किडकिडीत होता आणि त्याच दिवशी दुपारी चार वाजता त्याचा साखरपुडा होता. असल्या दिवशी शहाणा माणूस न्हाव्याकडे जातो. राधाकृष्ण डबेवाल्याकडे आला होता, त्याला कारण होतं 'वज्रकाय'.

'वज्रकाय' हा मुंबईहून निघणारा चित्रांचा मासिक अंक. त्यातला नायक दिवसा साधा प्राध्यापक. संकट आलं, की एका चौकटीत तो कोट घालून उभा असे आणि पुढच्या चौकटीत लाल चिलखत घालून आभाळात. दोन चौकटींमधल्या त्या पांढऱ्या पट्टीत तो नेमकं काय करतो, हे चित्रकाराने कधी दाखवलं नव्हतं आणि राधाकृष्णाने कधी विचारलं नव्हतं. सव्वापाच वर्षांचे त्रेसष्ट अंक त्याने ट्रंकेत खतांच्या माहितीपत्रकांखाली लपवून ठेवले होते. लिहितावाचता न येणाऱ्या त्याच्या आईला, मालनबाईला, ती कारखान्याची महत्त्वाची कागदपत्रं वाटत आणि दसऱ्याला ती ट्रंकेवर फूल वाहत असे.

अंकातली बारा कुपनं कापून पाठवली, तेव्हा राधाकृष्णाला मुंबईहून वीतभर उंचीचा पत्र्याचा वज्रकाय आला होता. तळपायावर क्रमांक होता एकशे सतरा. हे बाहुलं तो रेशमी फडक्यात गुंडाळून ठेवी आणि रविवारी दार लावून बाहेर काढी. आणि या मंगळवारी आलेल्या अंकात जाहीर झालं होतं, की जो वाचक वज्रकायाच्या हुबेहूब वेषात आपला फोटो पाठवील, त्याला सोनेरी वज्रकाय मिळेल. सोनेरी वज्रकाय सगळ्या देशात मिळून अकराच निघणार होते. फोटो शनिवारच्या टपालात पडायला हवा होता. साखरपुडाही शनिवारीच होता. पण सकाळ मोकळी होती, आणि माणसाची सकाळ मोकळी असली, की घात होतो.

बुधवारी तो बाहुलं घेऊन श्रीमंतकडे गेला. "अगदी असंच. माझ्या मापाचं. जराही फरक नको."

श्रीमंतने फरक केला नव्हता. वनस्पती तुपाच्या डब्यांचा पत्रा काढून त्याने धड, हात, पाय वेगवेगळे वळवले, ट्रॅक्टरच्या लाल रंगाने रंगवले, आणि शनिवारी सकाळी नऊला राधाकृष्णाला बनियन आणि अर्ध्या चड्डीवर उभं करून, भाजू नये म्हणून अंगाला ओलं गोणपाट लावून, सगळे तुकडे जागच्या जागी जोडले. मग गोणपाट ओढून काढलं. डोक्यावरचा टोप तेवढा सुटा होता. शेजारच्याच फोटोग्राफरने झकास फोटो काढला, संध्याकाळच्या टपालात टाकायचं कबूल केलं आणि दोनदा चहा पाजला. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं होतं.

"अहो, काढायचं नाही तर काय मी यातच राहू?" राधाकृष्ण ओरडला. "चिलखताला दार नको? बिजागरी नको? पट्टे नकोत?"

"नमुन्यात न्हाईत," श्रीमंत म्हणाला.

"नमुना म्हणजे खेळणं आहे! खेळण्यात माणूस नसतो!"

"मंग खेळनं कशाला दिलं नमुन्याला? आत मानूस आसतो त्ये दावायचं हुतं."

"ते अंकात आहे. चित्रात."

"मंग त्यो अंक का न्हाई आनला?"

याला राधाकृष्णाकडे उत्तर होतं, पण ते देण्याजोगं नव्हतं. श्रीमंतच्या दुकानात सगळीकडे तेलाचे हात. अंकाला डाग पडेल म्हणून त्याने तो आणला नव्हता.

श्रीमंत मात्र कामाला कच्चा नव्हता. त्याने डाग द्यायची सळई तापवली आणि बगलेतला सांधा वितळवायला लावली. राधाकृष्णाने जी आरोळी ठोकली, ती ऐकून पेठेतल्या दोघांनी बाराचा भोंगा झाला असं समजून दुकानं जेवायला बंद केली. मग कातर काढली. पण पत्रा कातरायचा तर कुठल्या तरी काठापासून सुरुवात करावी लागते, आणि गळ्याच्या व घोट्यांच्या काठांत श्रीमंतने, बादलीच्या काठात घालतात तशी, जाड तार वळवून घातली होती.

"तार कशाला घातली?"

"काठ हाताला लागू नये म्हनून. चांगलं काम आसंच आसतंय, सायेब." श्रीमंतने छन्नी आणि हातोडा उचलला आणि राधाकृष्णाच्या मानेकडे विचारपूर्वक पाहिलं.

"नाही!" राधाकृष्ण म्हणाला.

"मंग येक काम करतो. माज्या साडूकडं बाकदार कातर हाय, पुनतांब्याला. सायकलीवर जाऊन येतो. तीन वाजंस्तोवर आलोच म्हना."

त्याने खरोखरच सायकल काढली आणि तो निघून गेला. राधाकृष्ण बादल्या आणि नरसाळ्यांच्या मधोमध उभा राहिला. बसता येत नव्हतं, कारण नमुना बसणारा नव्हता. हात अंगापासून वीतभर दूर, तसेच ताठ. त्यात ते दोन कप चहा आता आपलं अस्तित्व कळवू लागले होते. वज्रकायाला त्रेसष्ट अंकांत एकदाही तसली अडचण आल्याचं त्याला आठवेना.

पण हे सगळं त्याने सोसलं असतं. त्याला धास्ती होती साखरपुड्याची. याआधी त्याची चार स्थळं जुळता जुळता फिसकटली होती. कुणाला पगार कमी वाटला, कुणाला तब्येत. हे पाचवं. मुलगी अकोले तालुक्यातली, नाव चांगुणा. बघायच्या कार्यक्रमात त्याने तिला फार तर चार वेळा मान वर करून पाहिलं होतं, पण त्या चार वेळांनी त्याची तीन आठवडे झोप उडवली होती. तिचे वडील आबासाहेब डोंगराकडचे भातशेतीवाले, तापट म्हणून प्रसिद्ध. साखरपुडा इथेच, गावाबाहेर चांगुणाच्या मामांच्या मळ्यात होता. मालनबाई नातेवाइकांना घेऊन परस्पर तिकडे येणार होती. नव्या पोशाखाची पिशवी फोटोग्राफरच्या खुंटीला लटकत होती.

"मी इथे असा आहे, हे कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही," त्याने सोबतीला येऊन थांबलेल्या फोटोग्राफरला बजावलं.

"माझ्या तोंडून शब्द जाणार नाही," फोटोग्राफर म्हणाला. तो शब्दाचा पक्का माणूस होता. दुर्दैव.

एकच्या सुमाराला रस्त्यावर बैलगाडी थांबली आणि तिच्यातून पांढरा फेटा बांधलेले एक भारदस्त गृहस्थ उतरले. ते आबासाहेब होते. साखरपुड्याच्या फोटोचं ठरवायला ते फोटोग्राफरकडे आले होते.

"टोप!" राधाकृष्ण पुटपुटला. "माझ्या डोक्यावर टोप घाला! लवकर!"

फोटोग्राफरने टोप घातला, आणि क्षणभराने आबासाहेब दुकानाच्या दारात उभे होते.

"फोटोवाले तुमीच का? चार वाजता यायचं बरं का मळ्यात. येळंवर..." त्यांचं लक्ष लाल आकृतीकडे गेलं. "आगायायाया! हे काय वो?"

"ते श्रीमंतचं काम आहे," फोटोग्राफर सावधपणे म्हणाला.

आबासाहेब जवळ आले. त्यांनी एका बोटाने चिलखताच्या छातीवर टकटक केलं, मग मुठीने धबधब केलं. आत राधाकृष्णाने श्वास धरला.

"बुजगावनं हाय!" आबासाहेबांचा चेहरा उजळला. "पत्र्याचं बुजगावनं! न्हाई म्हंजे, डोस्कं चालवलंय हां गड्यानं. आमच्याकडं रानडुकरं लई. भाताची नासाडी करत्यात. कापडाच्या बुजगावन्याला आता त्येंच्यातलं शेंबडं पोरगं बी भीत न्हाई. पर हे आसं लालभडक हुबं राह्यलं, वर ऊन पडलं, म्हंजे..." त्यांनी वाकून पाय उचलून पाहिला. तो उचलेना. "लई जड हाय. आत काय भरलंय?"

फोटोग्राफरने तोंड उघडलं आणि दिलेला शब्द आठवून मिटलं.

"वाळू आसंल," आबासाहेबांनी स्वतःच सांगून टाकलं. "वाऱ्यानं पडू नये म्हनून. शान्या हाय मानूस. ही घ्या विसाची नोट, आला का द्या त्येला. मी घिऊन चाललो."

"अहो पण..."

"पन काय? आदुगर कुनी सांगून ठिवलंय का?"

फोटोग्राफर विचारात पडला. खोटं बोलायचं नव्हतं, खरं सांगायचं नव्हतं. शेवटी त्याने असा हिशेब केला, की राधाकृष्णाला चार वाजता मळ्यात पोचायचंच आहे आणि गाडी मळ्यातच चालली आहे. उलट टांग्याचं भाडं वाचतंय. "न्या," तो म्हणाला आणि नव्या पोशाखाची पिशवीही त्याने आठवणीने गाडीत टाकली.

गाडीवान आणि दोन हमालांनी राधाकृष्णाला आडवं करून गाडीत चढवलं. गाडी लहान होती. मोकळी जागा उरली नाही, तेव्हा आबासाहेब निर्धास्तपणे बुजगावण्याच्या पोटावर बसले. आता या क्षणी 'मी तुमचा होणारा जावई' असं खालून सांगणं राधाकृष्णाला प्रशस्त वाटेना. आधी सांगितलं असतं तर वेड्यात निघालो असतो, आता सांगितलं तर सासऱ्याच्या अंगाखालून सांगितल्यासारखं होईल, आणि नंतर सांगितलं तर म्हणतील इतका वेळ का गप्प होतास, असा सगळ्या बाजूंनी विचार करत तो गप्प पडून राहिला. दर खड्ड्याला दोन्ही कप चहा हिंदकळत होते.

वाटेत गाडीवानाने विचारलं, "आबा, डुकरं काय लईच मातलीत का तिकडं?"

आबासाहेबांनी मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुला म्हनून सांगतो. गेल्या साली येक दांडगं डुक्कर खळ्यात शिरलं. गडी समदे झाडावर. आन् आमची चांगुना गेली की कोयता घिऊन! येका घावात आडवं केलं बग. पर हे कुटं बोलू नगंस. पोराकडच्यास्नी कळलं तर लगीन मोडंल. आसली पोरगी कोन करून घील?"

"न्हाई बोलायचो," गाडीवान म्हणाला. बुजगावणंही बोललं नाही, पण टोपाच्या आत त्याला घाम फुटला.

मळ्यात पोचल्यावर बुजगावणं मागच्या पडवीत, उसाच्या मोळीशेजारी भिंतीला टेकवून उभं केलं गेलं. मामांचा कुत्रा आला. त्याने पायाशी हुंगलं आणि जे राधाकृष्णाला दोन तासांपासून करायचं होतं, ते तो निवांतपणे करून निघून गेला. राधाकृष्णाला त्याचा इतका हेवा वाटला, की डोळ्यांत पाणी आलं.

मग चार वाजले. पुढच्या अंगणातून आवाज येऊ लागले. मालनबाई आली, नातेवाईक आले, भटजी आले, फोटोग्राफर आला. नवरदेव आला नाही.

"येईल की. कारखान्यात काम निघालं आसंल," मालनबाई म्हणाली.

साडेचारला ती म्हणाली, "यायलाच पायजे आता." पाच वाजता ती उठून रस्त्याकडे पाहून आली.

"ह्ये बगा," आबासाहेबांचा आवाज चढला, "चाळीस मानसं जमवून बसलोय मी हितं. पोरगं पळालं आसंल तर तोंडानं सांगा. आमच्या पोरीला काय दुसरा मिळंना झालाय?"

"माझा राधाकृष्ण तसला न्हाई वो, इवाई," मालनबाईच्या आवाजात रडू होतं. "आजवर कुनाचं मन मोडलं न्हाई त्यानं."

"मंग कुटाय? फोटोवाले, तुमी पेठंतलंच न्हवं? तुमी बगितला का त्येला?"

"मी शब्द दिला आहे," फोटोग्राफर दुःखाने म्हणाला. याचा अर्थ कुणालाच लागला नाही, पण तो वाईटच असणार असं सगळ्यांनी धरलं.

राधाकृष्णाला आता राहवेना. आईचा तो आवाज त्याच्या काळजाला लागला. मरो ती लाज, असं म्हणून तो "आई!" करून ओरडला. टोपाच्या आत तो आवाज तीनदा घुमला आणि बाहेर आला तो कोंबड्याच्या खोकल्याएवढा. पुढच्या गलक्यात तो कोण ऐकणार?

तेवढ्यात पडवीचं दार उघडलं. नवी जरीची साडी कमरेला खोचून, एका हातात गोड्या तेलाचा सीलबंद डबा आणि दुसऱ्या हातात कोयता घेऊन चांगुणा बाहेर आली. तिची आजी झुंबरबाई आतून ओरडत होती, "नवरा आला न्हाई म्हनून काय मानसं उपाशी ठिवायची? भज्याला त्याल काढ!"

चांगुणाने डबा जमिनीवर ठेवला, कोयत्याचं टोक कोपऱ्यात रोवलं, मनगटाला एक पीळ दिला आणि डब्याचं झाकण पापडासारखं उचलून आलं. राधाकृष्ण टोपाच्या फटीतून बघतच राहिला. सगळा दिवस तो डबे बंद करणाऱ्याकडे सुटका मागत होता. डबे उघडणारी माणसं घराघरात असतात, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अहो," तो म्हणाला. "ऐकलं का?"

चांगुणा गर्रकन वळली. कोयता डोक्याच्या वर गेला होता.

"मारू नका! मी डुक्कर नाही!" तो घाईघाईने म्हणाला. "मी राधाकृष्ण. तुमचा... म्हणजे, आज चार वाजता होणारा."

कोयता तसाच वर राहिला. चांगुणा पुढे आली. तिने डाव्या हाताने टोप उचलला आणि आतला घामाने निथळणारा चेहरा नीट पाहून घेतला.

"समदे म्हनत्यात, तुमी पळून गेला."

"पळता येत नाही," राधाकृष्ण म्हणाला.

चांगुणाने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलू लागले. बराच वेळ हलत राहिले. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आत कसं गेला?"

त्याने एका वाक्यात नमुन्याचं सांगितलं आणि दुसऱ्यात आबासाहेबांनी ठोकून, आडवं करून, वर बसून इथे आणल्याचं. जास्त सांगायला वेळ नव्हता, कारण तो आता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता आणि प्रत्येक वेळी डबा वाजत होता.

"भिताडाकडं तोंड करा," ती म्हणाली. "आन् हलू नगा."

राधाकृष्णाने डोळे मिटले आणि कुलदैवताचं नाव घेतलं. पाठीमागे काखेखालच्या सांध्यात काहीतरी थंड टोचलं. कर्रकन आवाज झाला. मग कमरेपर्यंत, मग मांडीपर्यंत, मग दुसऱ्या बाजूने. पत्र्याचा आवाज ऐकून पुढचं अंगण पडवीत लोटलं, आणि सगळ्यांच्या देखत वीस रुपयांच्या बुजगावण्याची पाठ उघडून त्यातून बनियन आणि अर्ध्या चड्डीतला एक किडकिडीत तरुण बाहेर पडला. त्याने कुणाकडेही पाहिलं नाही. तो कुणाशी बोलला नाही. तो थेट समोरच्या उसात घुसला.

"राधाकृष्णा!" मालनबाई ओरडली. "आरं, कुटं चाललास?"

"जाऊ द्या त्येंला," चांगुणा म्हणाली. "लांब न्हाई जायाचं."

उसात राधाकृष्ण बराच वेळ उभा होता. आयुष्यात त्याला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. ऊस वाऱ्याने सळसळत होता, बगळे चालले होते, सगळ्या जगाचं भलं व्हावं असं त्याच्या मनात आलं. मग त्याला बाहेरून आबासाहेब ऐकू आले.

"हे ध्यान जावई? बुजगावन्यात शिरून बसतं? न्हाई जमायचं! उद्या म्हनंल रांजनात बसतो! मालनबाई, राग मानू नका, पर ही सोयरीक मोडली म्हना."

राधाकृष्णाने बोटं मोजली. पाचवं स्थळ. तो तिथेच उसात उभा राहून मनातल्या मनात खुलासा तयार करू लागला. पहिल्यांदा अंकाबद्दल सांगायचं, मग स्पर्धेबद्दल, मग नमुन्याबद्दल, मग श्रीमंतचा दोष आणि त्यातला आपला थोडासा दोष. मुद्देसूद बोललं तर पंधरा मिनिटांत सगळं पटण्यासारखं होतं.

इकडे पडवीत श्रीमंत डबेवाला येऊन पोचला होता. सायकल पंक्चर झाल्यामुळे त्याला उशीर झाला होता आणि बुजगावणं गाडीत चढवणाऱ्या हमालांकडून कळल्यावरून तो कातर घेऊन तडक इकडे आला होता. जमिनीवर पडलेला पत्रा पाहून तो मटकन खाली बसला. "कुनी फाडलं वो? येक थेंब गळला नसता ह्यातनं."

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण चांगुणा बोलत होती. बैठकीत मुलीने बोलायची पद्धत नव्हती, पण ही बैठक नव्हती, पडवी होती.

"आबा, पेठंतनं हितपत्तुर तुमी कशावर बसून आला?"

आबासाहेब गडबडले. त्यांनी गाडीवानाकडे पाहिलं. गाडीवानाने बैलांकडे पाहिलं.

"म्हंजे... जागा न्हवती गाडीत."

"ह्येंच्यावर बसला. आदुगर ठोकून बगितलं, आडवं पाडलं, वर बसला. व्हय का न्हाई?"

"मला काय ठावं आत मानूस हाय म्हनून?"

"तुमाला न्हवतं ठावं. ह्येंला ठावं हुतं ना, वर कोन बसलंय त्ये?" चांगुणाने कोयता भिंतीला टेकवून ठेवला. "चार घंटे मानूस पत्र्यात कोंडलाय. ठोकला, लोळवला, शिव्या दिल्या, कुत्र्यानं बी काय ठिवलं न्हाई. ह्येंनी तोंडातनं चकार शब्द काढला न्हाई. वर तुमी गाडीत काय काय बोलला आसाल, त्ये बी ऐकून घेतलं."

आबासाहेबांना एकाएकी डुक्कर आठवलं. त्यांचा चेहरा पडला.

सगळे झुंबरबाईकडे पाहू लागले. सत्तरी ओलांडलेली ती म्हातारी भज्याचं पीठ लागलेला हात तसाच धरून उंबऱ्यात उभी होती. तिने पत्र्याकडे पाहिलं, उसाकडे पाहिलं, मग आपल्या लेकाकडे पाहिलं.

"आबा," ती म्हणाली, "तुजा बाप पन्नास वरीस माज्या संगं नांदला. येक दिस गप बसला न्हाई. तू बी तसलाच. सुनंला इचार. पोरीला आसं दाल्लं सोन्याच्या मोलानं मिळायचं न्हाई. भटजीला म्हनावं, पाट मांड."

मालनबाईने डोळ्याला पदर लावला. या वेळी तो सुखाने लावला होता. फोटोग्राफरने गाडीतून पोशाखाची पिशवी आणून पुढे केली आणि अखेर आपण कुणाला तरी दिलेला शब्द पाळल्याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसलं.

त्याच वेळी ऊस हलला आणि राधाकृष्ण बाहेर आला. छातीवर पत्र्याचे लाल वळ, केसांत पाचट, चेहऱ्यावर निश्चय. सगळा खुलासा त्याच्या ओठांवर तयार होता. एक हात वर करून त्याने पवित्रा घेतला.

"जावईबापू," आबासाहेब आता फार मऊ आवाजात म्हणाले, "आमच्याकडनं काय चुकलं आसंल तर पोटात घाला. आमी पाट मांडतोय. तुमाला काय म्हनायचंय का?"

राधाकृष्णाने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर चांगुणाकडे गेली. तिने पदराआडून मान अगदी एवढीशी, कुणाला दिसणार नाही अशी, नकारार्थी हलवली.

राधाकृष्णाने तोंड मिटलं आणि तो पाटावर जाऊन बसला.